प्रॉसिक्युटर पोलिसात मोडतो का? अमेरिकेतल्या एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारतर्फे गुन्ह्याचा खटला चालवणारा, त्याला मराठीत आपण 'सरकारी वकील' म्हणून मोकळे होतो. शब्दातच वकील आहे, त्यामुळे हा माणूस पोलिसात मोडतो का असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथला राज्य पातळीवरचा प्रॉसिक्युटर म्हणजे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, सगळे ज्याला डीए म्हणतात तो, मतं मागताना स्वतःला काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) 'चीफ लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर', थोडक्यात पोलिसांच्या जातीतला सगळ्यात मोठा अधिकारी, म्हणवून घेतो, आणि उद्या कोणी खोट्या केसमध्ये अडकवलं म्हणून भरपाईचा दावा लावला की तोच कोर्टाला सांगतो, साहेब मी तर वकील, पोलिसांचं पोलिसांना विचारा. यात ढोंग किती आणि कायद्याचाच घोळ किती हे बघायचं तर मागे जावं लागतं, चांगलं साडेतीनशे वर्षं.

न्यूयॉर्क जेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं आणि डचांच्या ताब्यात होतं तेव्हा तिथे 'स्खाउट' नावाचा अधिकारी असायचा. पकडणारा तोच आणि कोर्टात आरोप मांडणाराही तोच. १६६४ मध्ये इंग्रजांनी ते गाव घेतलं, आणि इंग्रजांची पद्धत बरोब्बर उलटी, त्यांच्याकडे साध्या गुन्ह्यांसाठी सरकारी प्रॉसिक्युटर ही चीजच नव्हती, ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेच पदरमोड करून चोराला कोर्टात खेचायचं. पुढे १८२९ मध्ये लंडनला नवं पोलीस दल आलं आणि हळूहळू पोलीसच केसेस चालवायला लागले, ते इतकं अंगवळणी पडलं की पोलिसांपासून वेगळी अशी क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस, म्हणजे सरकारी वकिलांचं खातं, सुरू व्हायला १९८६ साल उजाडलं! अमेरिकन वसाहती एवढ्या थांबल्या नाहीत. कनेक्टिकटने १७०४ मध्येच दर काउंटीत सरकारतर्फे खटले चालवायला माणूस नेमायचा कायदा केला.

पण माझ्या मते गाठ पडली ती १७८९ मध्ये. नव्या देशाने ज्युडिशिअरी ॲक्ट, म्हणजे कोर्टांची घडी बसवणारा कायदा, केला, आणि त्या एकाच कायद्यात दर डिस्ट्रिक्टला दोन वेगळी माणसं दिली. कलम २७ मध्ये मार्शल, ज्याने कोर्टाचे हुकूम बजावायचे आणि गरज पडली तर हाताखाली माणसं घ्यायची. कलम ३५ मध्ये ॲटर्नी, त्याच्यासाठी अट काय तर कायदा शिकलेला लायक माणूस हवा, आणि काम काय तर गुन्हेगारांवर खटले चालवणं. त्याच्या कलमात अटकेबिटकेचं नावही नाही. म्हणजे त्या डच स्खाउटचे सरळ दोन तुकडे केले, हात मार्शलला दिले आणि तोंड ॲटर्नीला. आज ते लोक यू. एस. मार्शल आणि यू. एस. ॲटर्नी म्हणून ओळखले जातात, आणि फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या पातळीवर प्रॉसिक्युटरला पोलीस म्हणायचं की नाही या भांडणाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

राज्यांमध्ये गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मिसिसिपीने १८३२ च्या राज्यघटनेत आणि न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत डीएला मतदारांनी निवडून द्यायचं ठरवलं, बाकीची राज्यं एकेक करून मागे आली, आणि आज बहुतेक सगळीकडे हे पद निवडणुकीचं आहे. आता निवडणूक म्हटलं की 'मी उत्तम युक्तिवाद करतो' यावर कोण मत देणार, 'मी गुन्हेगारांना सोडत नाही' यावर देणार. ती चीफ लॉ एन्फोर्समेंट ऑफिसरची बिरुदावली मला तरी याच मातीतली वाटते.

सुप्रीम कोर्टाने मात्र वेगळंच चित्र काढलं. १९३५ च्या बर्गर केसमध्ये कोर्ट म्हणालं की सरकारी ॲटर्नीचं काम केस जिंकणं हे नाही, न्याय होतोय की नाही हे बघणं आहे, त्याने जोरात मारावं पण फाऊल मारू नये. १९४० मध्ये रॉबर्ट जॅक्सन, तेव्हाचे ॲटर्नी जनरल म्हणजे फेडरल प्रॉसिक्युटरांचे सगळ्यात वरचे साहेब, आपल्याच प्रॉसिक्युटरांसमोर बोलताना म्हणाले की माणसाचं आयुष्य, स्वातंत्र्य आणि अब्रू यावर प्रॉसिक्युटरइतका ताबा अमेरिकेत दुसऱ्या कोणाचा नाही. स्वतःच्या लोकांना हे तोंडावर सांगायला धाडस लागतं.

मग आला १९७६ चा इम्बलर विरुद्ध पॅक्टमन हा निकाल, आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. सेक्शन १९८३ नावाची तरतूद आहे, मूळ १८७१ ची, सरकारी माणसाने हक्क तुडवले तर त्याच्यावर दावा लावता येतो. कोर्टाने ठरवलं की खटला दाखल करणं आणि चालवणं यासाठी प्रॉसिक्युटरवर असा दावा लागूच शकत नाही, पूर्ण संरक्षण, जवळजवळ जजसारखं. पोलिसाला एवढं नाही, त्याला अर्धंमुर्धं. साहजिकच दावा लागला की प्रत्येक प्रॉसिक्युटर म्हणायला लागला की मी जे केलं ते वकील म्हणूनच केलं.

कोर्टाला मग पदाची पाटी बाजूला ठेवून त्या क्षणी माणूस काय करत होता हे बघावं लागलं. १९९१ ची बर्न्स विरुद्ध रीड बघा. इंडियानात एका बाईच्या मुलांना झोपेत गोळ्या लागलेल्या, पोलिसांना आईवरच संशय, त्यांनी प्रॉसिक्युटरला विचारलं की हिला हिप्नोटाईझ करून प्रश्न विचारले तर चालेल का, तो म्हणाला चालेल. कोर्ट म्हणालं पोलिसांना सल्ला देताना तुला पूर्ण संरक्षण नाही. दोन वर्षांनी बकली विरुद्ध फिट्झसिमन्स. इलिनॉयमध्ये एका मुलीचा खून, लाथ मारून तोडलेल्या दारावर बुटाचा ठसा, आणि आरोप असा की प्रॉसिक्युटर एकामागून एक एक्स्पर्ट बदलत राहिले, हा ठसा या आरोपीच्याच बुटाचा असं छातीठोक सांगणारी एक्स्पर्ट मिळेपर्यंत. कोर्टाने सांगितलं की अटकेपुरतं सबळ कारण हाती येण्याआधी पुरावे हुडकत फिरणारा प्रॉसिक्युटर हा डिटेक्टिव्हचं काम करतोय, मग त्याला डिटेक्टिव्हएवढंच संरक्षण, रत्तीभर जास्त नाही.

१९९७ ची कॅलिना विरुद्ध फ्लेचर तर अगदी बारीक गोष्ट आहे. वॉशिंग्टन राज्यात शाळेतून कॉम्प्युटर चोरीला गेले, काचेच्या पार्टिशनवर एका माणसाचे ठसे सापडले, आणि प्रॉसिक्युटरबाईंनी वॉरंटसाठी शपथेवर लिहून दिलं की याचा शाळेशी कधीच संबंध नव्हता. प्रत्यक्षात त्यानेच ती पार्टिशन्स बसवली होती! कोर्ट म्हणालं, बाई, शपथेवर हकीकत सांगताना तुम्ही वकील नव्हता, साक्षीदार होता. म्हणजे एकच माणूस एकाच केसमध्ये सकाळी पोलीस, दुपारी साक्षीदार आणि संध्याकाळी वकील असू शकतो, आणि कायद्याला त्याचं काही वावगं वाटत नाही.

हे झालं दाव्यांचं. कायद्यांच्या व्याख्या उघडल्या की वेगळीच गंमत. फेडरल क्रिमिनल प्रोसीजरचा नियम ४१, सर्च वॉरंटचा, त्यात 'फेडरल लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर' म्हणजे कोण हे सांगताना स्पष्ट लिहिलंय की सरकारी ॲटर्नी सोडून. विषय संपला असं वाटतं ना? मग फेडरल क्रिमिनल कोडचं कलम ११५ काढा, अधिकाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना धमक्या देणाऱ्यांसाठीचं. तिथे तोच शब्दप्रयोग, पण व्याख्येत तपास करणाऱ्यांच्या जोडीला खटला चालवणारेही घेतलेत. हे मला तरी बरोबर वाटतं, गुन्हेगार धमकी देताना बॅज आहे की काळा कोट हे थोडीच बघतो.

टेक्सासच्या कॉफमन काउंटीत २०१३ मध्ये हे फार भयानक पद्धतीने दिसलं. जानेवारीत असिस्टंट डीएला कोर्टाजवळ गोळ्या घातल्या, मार्चमध्ये खुद्द डीए आणि त्यांच्या पत्नीला घरात घुसून मारलं, आणि करणारा निघाला काउंटीचाच एक माजी जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे खालच्या कोर्टाचा जज, ज्याला या डीए आणि असिस्टंट डीएने कॉम्प्युटर मॉनिटर चोरल्याबद्दल दोषी ठरवून आणलं होतं. मॉनिटर!

साहजिकच बंदुकीचा प्रश्न येतो. २००४ च्या फेडरल कायद्याने लॉ एन्फोर्समेंट ऑफिसरला सुट्टीवर असतानाही, देशात कुठेही, लपवलेलं हत्यार बाळगायची मुभा दिली. त्याची व्याख्या वाचताना प्रॉसिक्युटर आधी खूश होतो, कारण 'प्रॉसिक्युशन' हा शब्द त्यात आहे, पण त्याच वाक्यात पुढे अट आहे की अटक करण्याचा कायदेशीर अधिकार पाहिजे, आणि तिथे बहुतेकांचं घोडं अडतं. टेक्सासने आपल्यापुरती वाट काढलीय, लायसन्स असलेल्या प्रॉसिक्युटरला हत्याराच्या काही बंधनांतून सूट आहे, पण पोलिसांच्या ओळीत नाही, वेगळ्या ओळीत.

पेन्शनचं तसंच. फेडरल लॉ एन्फोर्समेंटवाल्यांना वीस वर्षं नोकरी झाली की पन्नाशीत पेन्शन घेऊन जाता येतं, व्याख्येत तपास, पकडणं आणि ताब्यात ठेवणं ही तीन कामं आहेत, खटला चालवणं नाही. असिस्टंट यू. एस. ॲटर्नींना त्यात घ्यावं म्हणून काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बिलं येऊन गेली, पण डाळ शिजली नाही.

कॅलिफोर्नियात तर हा फरक एकाच ऑफिसात दोन टेबलांवर बसलेला दिसतो. तिथल्या पीनल कोडच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम ८३०.१ मध्ये डीएच्या ऑफिसातले इन्स्पेक्टर आणि इन्व्हेस्टिगेटर पीस ऑफिसर, म्हणजे पोलिसाचे अधिकार असलेले, म्हणून लिहिलेत, बॅज, बंदूक, अटक सगळं. आणि त्यांना कामाला लावणारा, तीच केस कोर्टात लढवणारा डेप्युटी डीए त्या यादीत नाही, त्याला एखाद्याला पकडायचंच झालं तर रस्त्यावरच्या साध्या नागरिकाला जेवढं पकडता येतं तेवढंच.