आधी पदर, मग कडा

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर जायचं तर वाटाड्या अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. ‘आधी नाळ, मग कातळटप्पा, मग पदरातून आडवं जायचं,’ एवढंच सांगतो आणि चालू लागतो. पदर, कडा, नाळ, धार, सोंड. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे शब्द असतात. गंमत अशी की भूवैज्ञानिक हातोडी घेऊन आला, तरी डोंगराचे भाग तो जवळपास याच जागी पाडतो.

एक गैरसमज आधी दूर करू. सह्याद्री ज्वालामुखीतून झाला म्हटलं की हरएक सुळका लोकांना ज्वालामुखीचं तोंड वाटू लागतो. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेला तुटलेल्या कोकणकड्याच्या अर्धगोलाकडे बोट दाखवून ‘हेच ते विवर’ असं छातीठोक सांगणारे मला भेटलेत. तसं नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबलांब भेगांनी फाटली आणि पातळ लाव्हा दूरवर पसरत गेला. एक थर थिजला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. झीज होऊनही आज हा दगड सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. आपले डोंगर या थरांत कोरले गेलेत. आपण ज्याला शिखर म्हणतो, ते म्हणजे वाहून जायचं राहिलेला तुकडा.

प्रत्येक थराचा स्वभाव मात्र एकसारखा नसतो. लाव्हा थिजताना त्यातला वायू वर येतो, त्यामुळे थराचा माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं भरतात. वाटेत सापडणारे पांढरे, चमकणारे स्फटिक ते हेच. हा भाग ठिसूळ, लवकर झिजतो. थराचा मधला भाग सावकाश थंड झालेला, घट्ट असतो, पण थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या चिरा पडलेल्या असतात. तो सुटतो तेव्हा उभा ढलपा निघतो, आणि मागे उरतो तोही उभाच. म्हणून कडा झिजला तरी कडाच राहतो. ठिसूळ थराचा उतार होतो, त्यावर माती साठते, झाडं धरतात. तो पदर. एखादी मोठी चीर पावसानं रुंद केली की नाळ. आपण नाळेनं चढतो, कारण डोंगरानं वर जायला तेवढीच फट ठेवलेली असते.

पदरातल्या कारवीबद्दल सांगायलाच हवं. सात-आठ वर्षांतून एकदाच ती फुलते, पण फुलते तेव्हा सगळा उतार जांभळा करते, आणि बी टाकून वाळून जाते. चढताना तिचाच आधार घ्यावा लागतो. पायथ्याच्या पाड्यांत घराच्या कुडालाही तीच.

दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा यायला इतका काळ गेला, की मधल्या काळात दगड झिजून त्याची माती झाली. नंतर तिच्यावर तापलेला लाव्हा पसरला आणि ती भाजून निघाली. वरच्या चिरांतून मुरत आलेलं पाणी या चिकट मातीशी अडतं आणि आडवं बाहेर पडतं. उन्हाळ्यात पाणी शोधायचं असेल तर हा पट्टा नजरेत ठेवावा.

आता सगळ्यात आवडती गोष्ट. हे थर सपाट दिसले तरी दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे कळसूबाई 1,646 मीटर उंच आणि महाबळेश्वरचं पठार तिच्याहून दोनशे मीटर खाली, तरीही कळसूबाईचा दगड जुना आणि महाबळेश्वरचा नवा! जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर: भूवैज्ञानिकांनी थरांच्या गटांना ही नावं खालून वर याच क्रमानं दिली आहेत. ट्रेकरच्या डायरीतली पानंच म्हणा ना.

कोकणकडा मात्र एकट्या लाव्ह्याचं काम नव्हे. आज हिंदी महासागरात असलेल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला आणि पश्चिमेला समुद्र आला. तेव्हापासून उंच पठाराची ही कड पावसानं खात खात पूर्वेकडे ढकलली आहे. माहुली, माथेरान हे त्या माघारीत मागे राहिलेले डोंगर. कडा पोटात आत वळलेला असल्यामुळे कोकणातून येणारा वारा त्याला थडकून सरळ वर उसळतो. टोकाशी उभं राहू नये, पालथं पडून डोकावावं, ते यासाठीच.

इंद्रवज्रही इथेच दिसतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1835 मध्ये या गडावरून पाहिलेल्या गोल इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळचा सूर्य बरोबर पाठीशी येतो. खाली कोकणात ढग दाटलेला असला की आपली सावली त्यावर पडते आणि सावलीतल्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. ढगातले अतिसूक्ष्म थेंब प्रकाश आल्या वाटेनं माघारी पाठवतात आणि त्याच्या लहरी एकमेकींत मिसळून रंग सुटे होतात. नेहमीच्या इंद्रधनुष्याहून हे कडं कितीतरी लहान. थेंब एकसारख्या आकाराचे असले तर रंग स्वच्छ, नाहीतर फिकट. कड्यावर चौघं जण ओळीनं पालथे पडलेले असले, तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. शेजाऱ्याची सावली दिसते, पण तिच्याभोवती काही नसतं. मग ‘माझ्याभोवती आहे’, ‘नाही, माझ्याभोवती’ असा वाद सुरू होतो, आणि तो मिटायच्या आत ढग वर येऊन सगळ्यांनाच गिळतो.