प्रौढांसाठी बागकामाचे वर्ग आणि चर्चासत्रे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या रोपवाटिकेतून नेलेले रोप दोन-तीन महिन्यांत वाळले म्हणून ग्राहक पुन्हा तेच रोप मागायला येतात, तेव्हा आम्हांला त्या विक्रीचा आनंद होत नाही. रोप कसे गेले याची चौकशी केली, तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेले नसते, ते जास्त झालेले असते. यात आमचाही दोष आहे. पूर्वी रोप हातात देताना ‘रोज थोडे पाणी घाला’ एवढेच आम्ही सांगत असू, आणि पुण्याच्या मे महिन्यात योग्य असलेला हा सल्ला जुलैमध्ये त्याच रोपाची मुळे कुजवतो. विक्रीच्या गडबडीत पाच मिनिटांत जे सांगता येत नाही ते सावकाश आणि प्रत्यक्ष करून दाखवता यावे, यासाठी आम्ही प्रौढ ग्राहकांसाठी रविवारचे वर्ग घेतो. त्यांत काय शिकवले जाते आणि आपल्याला कोणता वर्ग उपयोगी पडेल, हे या पत्रकात सांगितले आहे.

वर्गाचा पहिला तास एम्प्रेस गार्डनमध्ये आणि दुसरा आमच्या रोपवाटिकेत असतो. सुमारे ३९ एकरांचे हे उद्यान ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया सांभाळते. ही संस्था १८३० साली स्थापन झाली असून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस तिथे भरणारे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे. उद्यानाशी आमचा कोणताही व्यावसायिक संबंध नाही. इतर नागरिकांप्रमाणे तिकीट काढून आपण आत जातो, तिथे फक्त निरीक्षण करतो आणि एकही फांदी किंवा पान तोडत नाही. कात्री, चाकू आणि मातीचे सगळे काम रोपवाटिकेत होते.

कुंडीत पाहता येत नाहीत अशा काही गोष्टी जुन्या सार्वजनिक उद्यानात दिसतात, म्हणून आम्ही तिथे जातो. दिवाणखान्यासाठी नेलेले हातभर उंचीचे रबराचे झाड मूळचे वडाच्या कुळातले आहे, हे सांगून पटत नाही. मात्र वडाच्या कुळातील पूर्ण वाढलेल्या वृक्षाचा बुंधा आणि त्याच्या मुळांचा विस्तार पाहिला, की ते रोप घराच्या भिंतीलगत जमिनीत का लावू नये हे कोणालाही वेगळे समजवावे लागत नाही. ‘अर्धसावली’ हा शब्दही तसाच आहे. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली, किंवा उंच झाडांच्या पानांतून दिवसभर गाळून येणारा उजेड, या दोन्हींना आपण अर्धसावलीच म्हणतो, पण रोपांना त्या सारख्या नसतात, आणि हा फरक झाडाखाली उभे राहिल्यावरच लक्षात येतो. तिसरी गोष्ट पायाखालची आहे. झाडाखाली साचलेला पालापाचोळा हाताने थोडा बाजूला केला, की वर सुकी पाने, त्याखाली अर्धवट कुजलेली पाने आणि तळाशी काळसर, भुसभुशीत माती असे थर दिसतात. घरच्या खताच्या टोपल्यात नेमके हेच घडवून आणायचे असते.

वर्गांचा क्रम आम्ही ऋतूंप्रमाणे लावला आहे. पुण्यात वर्षभरात साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. उरलेले आठ महिने झाड आपल्या झारीवर अवलंबून असते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील वर्गात पाणी, आच्छादन आणि सावलीची जाळी एवढेच विषय असतात. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून ओल पाहणे, कुंडीच्या तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत एकदाच भरपूर पाणी देणे आणि मग माती वरून सुकेपर्यंत थांबणे, ही सवय आम्ही प्रत्येकाकडून करून घेतो. ज्यांच्याकडे बोअरवेलचे जड पाणी येते, त्यांना कुंडीच्या कडेवरील पांढरा थर क्षारांचा आहे हे दाखवून, तो कमी कसा करावा हेही सांगितले जाते.

पावसाळ्यातील वर्ग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कलम करण्यासाठी हवेतील ओलावा हवा असतो आणि तो आपल्याकडे तेव्हाच मिळतो. डाळिंब, लिंबू किंवा पेरूच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरील सुमारे तीन सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढायची, त्या जागी ओले शेवाळ बांधायचे आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळायचा, ही गुटी कलमाची कृती दहा मिनिटांची आहे. पण ती का साधते हे कळल्याशिवाय हात बसत नाही. मुळांनी शोषलेले पाणी आतल्या लाकडातून वर जाते, तर पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली येते. साल काढल्यामुळे फांदीला पाणी मिळत राहते, मात्र खाली येणारे अन्न कापाच्या वरच्या कडेशी अडते आणि ओलाव्यात तिथेच मुळे फुटतात. म्हणूनच साल काढल्यावर खालचा बुळबुळीत पापुद्रा खरवडून टाकावा लागतो, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत. आंब्याचे कोय कलमही याच वर्गात शिकवतो. कोयीतून नुकत्याच उगवलेल्या, पंधरा दिवसांच्या आतल्या कोवळ्या रोपावर जातिवंत झाडाची काडी बसवण्याची ही पद्धत कोकणातील रोपवाटिकांनी घराघरांत पोहोचवली आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिच्यावर केलेले काम आंबा बागायतदारांना सुपरिचित आहे.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, गुलाबाची छाटणी असते. त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात. ‘लाल गुलाब नेला होता, आता त्याला बारीक, वेगळीच फुले येतात,’ अशी तक्रार दरवर्षी आमच्याकडे येते. गुलाबाचे रोप हे रानटी खुंटावर (मुळे असलेल्या रानटी गुलाबाच्या खोडावर) जातिवंत गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, भरून तयार केलेले असते, आणि डोळ्याच्या खालून फुटलेली फांदी ही खुंटाची असते. ती वेळीच मुळापासून काढली नाही, तर हळूहळू खुंटच सगळे अन्न घेतो. डोळ्याची जागा कशी ओळखावी, हे छाटणीच्या वर्गात प्रत्येकाला स्वतःच्या रोपावर दाखवले जाते, म्हणून आपला गुलाब कुंडीसह आणावा.

चर्चासत्रे वर्गांहून वेगळी असतात. त्यांत हाताने करण्याचे काम कमी असते आणि आपल्या प्रश्नांना अधिक वेळ दिला जातो. सर्वाधिक मागणी गच्चीवरील बागेच्या सत्राला असते, आणि तिथे आम्ही वजनापासूनच सुरुवात करतो. ओली माती घनमीटरला सुमारे १,७०० किलो भरते. म्हणजे फूटभर खोलीच्या वाफ्याचे वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जाते, तर वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात गृहीत धरलेला चल भार (माणसे, सामान यांचे बदलते वजन) दर चौरस मीटरला १५० किलो इतकाच आहे. त्यामुळे वाफे बांधण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो, मग त्यामुळे आमची विक्री कमी झाली तरी चालेल. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट मिसळून मिश्रण हलके करणे, जड कुंड्या तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवणे आणि गळती होण्याआधी पाण्याचा निचरा तपासणे हे पुढचे मुद्दे त्यानंतर येतात. कुंडीखालच्या ताटल्यांचाही उल्लेख इथेच होतो, कारण त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवड्या-दीड आठवड्यात तयार होतात.

ओल्या कचऱ्याचे खत आणि पिठ्या ढेकूण व मावा या रोपांचा रस शोषणाऱ्या किडींचा बंदोबस्त या विषयांवरही सत्रे होतात. निंबोळी तेल वापरावे, पण ते लिटरला पाच मिलिलिटरच्या आसपास, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून, ऊन उतरल्यावर आणि पानांच्या खालच्या बाजूलाही फवारावे, हे तिथे दाखवले जाते. सोसायटीच्या आवारातील मोठ्या वृक्षांसंबंधी अनेक जण विचारतात. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. त्यामुळे झाड तोडण्यापूर्वी, तसेच मोठ्या फांद्या छाटण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करावा. असे काम आम्ही परस्पर करून देत नाही.

प्रत्येक वर्गात पंधरा जणांनाच प्रवेश दिला जातो, कारण त्याहून अधिक जण असले की मागच्या रांगेतील व्यक्तीला चाकूचा काप दिसत नाही. वर्ग सकाळी साडेसातला उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी सुरू होतो. शिकवणे मराठीतून असते आणि पूर्वीच्या अनुभवाची अट नाही. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी रोपवाटिकेत उंच टेबलांवर कामाची सोय आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे कोणी बागकाम सोडू नये, असे आम्हांला मनापासून वाटते. नावनोंदणी रोपवाटिकेत प्रत्यक्ष येऊन करावी. त्या त्या वर्गाचे शुल्क तेथील फलकावर लिहिलेले असते आणि उद्यानाचे तिकीट त्यात धरलेले नाही. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि शक्य असल्यास आपल्या घरच्या कुंडीतील मूठभर माती सोबत आणावी. पावसामुळे वर्ग रद्द होत नाही, त्या दिवशी फक्त उद्यानातील फेरी लहान होते आणि उरलेला वेळ कलमांच्या टेबलावर जातो.