जुनी गाडी, टोटल लॉस आणि कंपनीने सांगितलेली रक्कम

‘गाडी जुनी असली की टोटल लॉसमध्ये (म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही इतके नुकसान झाल्यास) विमा कंपनी अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव काढून देईल तेवढेच घ्यावे लागते’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि जुनी वस्तू विकताना आपला अनुभव तसाच असल्याने तो पटतोही.

प्रत्यक्षात भरपाईचा आधार आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर छापलेले गाडीचे विमा मूल्य, हा असतो. पाच वर्षांपुढील गाडीसाठी ते कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते, आणि एकदा ठरल्यावर टोटल लॉसच्या दाव्यात त्या पॉलिसीच्या मुदतीत त्यावर पुन्हा घसारा लावता येत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते.

समजा, आयडीव्ही 2,40,000 रुपये आहे आणि इंजिन 1500 सीसीपर्यंतचे आहे. तर सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातील मालकाने स्वतः सोसायची रक्कम, 1,000 रुपये, म्हणून 2,39,000 रुपये मिळायला हवेत. भंगार तुम्हीच ठेवले, तर त्याची किंमत वजा होते. वाद बहुधा इथेच होतो. म्हणून पॉलिसीतील आकडा पाहावा, सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) अहवालाची प्रत मागावी, प्रत्येक वजावटीचे कारण लेखी घ्यावे आणि तोवर संमतिपत्रावर सही करू नये.