व्यायाम आणि अपुरी झोप : मेंदूचे संरक्षण

पुरेशी झोप न मिळाल्याने स्मरणशक्ती, अवधान आणि निर्णयक्षमता यांची जी हानी होते, ती नियमित शारीरिक व्यायामामुळे काही अंशी रोखली जाते, असे प्राण्यांवरील व माणसांवरील संशोधनातून दिसून आले आहे. हे संरक्षण खरे असले तरी त्याला मर्यादा आहेत आणि सर्व वयांत ते सारखे नसते.

जागरणाचा मोठा फटका हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतील भागाला बसतो. दिवसभरात टिपलेली माहिती आधी येथे साठते आणि गाढ झोपेत मेंदूच्या बाह्य पटलात पक्की होत जाते. झोप हुकली की चेतापेशींमधील जोड बळकट होण्याची प्रक्रिया मंदावते आणि नव्याने शिकलेले टिकत नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे बीटा-ॲमिलॉइड हे प्रथिन निरोगी माणसांतही केवळ एका रात्रीच्या जागरणानंतर वाढलेले आढळले, हे २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी पीईटी स्कॅन या मेंदूचे चित्रण करणाऱ्या तपासणीच्या साहाय्याने दाखवले.

व्यायामाचा परिणाम सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो उंदरांवरील प्रयोगांत. २०१२च्या सुमारास ह्यूस्टन विद्यापीठात उंदरांना चार आठवडे ट्रेडमिलवर पळवण्यात आले आणि त्यानंतर २४ तास पाण्यातून वर आलेल्या अरुंद खांबांवर ठेवण्यात आले. स्वप्ने पडणाऱ्या, म्हणजे रेम झोपेत स्नायू सैल पडतात. त्या अवस्थेत शिरताच उंदराचा तोल जातो, त्याला पाणी लागते आणि तो जागा होतो. पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधण्याच्या चाचणीत व्यायाम न केलेले जागे उंदीर वारंवार चुकले, तर व्यायाम केलेल्यांची स्मृती शाबूत राहिली. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील बीडीएनएफ या चेतापोषक प्रथिनाची पातळीही टिकून होती. या प्रथिनामुळे चेतापेशी तगतात आणि त्यांच्यातील जोड घट्ट होतात. त्यामुळे व्यायामाच्या संरक्षणाचा तो एक प्रमुख दुवा मानला जातो.

माणसांमध्ये थोड्या वेळाच्या व्यायामाचाही लाभ होतो. पोर्ट्‌समथ विद्यापीठाच्या २०२३मधील प्रयोगात, सलग तीन रात्री केवळ पाच तास झोपू दिलेल्या तरुणांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी २० मिनिटे मध्यम गतीने सायकल चालवल्यावर सुधारली. मात्र ही तात्पुरती तरतरी आणि महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामाने मेंदूत होणारा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतारवयात हा दुसरा बदलच मोलाचा ठरतो : २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १२० ज्येष्ठांच्या अभ्यासात वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, एरवी या वयात तो आक्रसत जातो.

वयाचा प्रश्न सर्वाधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्लंडमधील ५० वर्षांवरील ८,९५८ व्यक्तींच्या बौद्धिक क्षमतेचा दहा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. भरपूर हालचाल करणाऱ्या, पण सहा तासांहून कमी झोपणाऱ्या व्यक्तींची क्षमता प्रारंभी चांगली होती; मात्र पन्नाशी-साठीतील अशा व्यक्तींत ती झपाट्याने घटली आणि दहा वर्षांनी ती कमी व्यायाम करणाऱ्यांच्या पातळीवर आली. सत्तरी ओलांडलेल्यांत मात्र कमी झोप असूनही व्यायामाचा लाभ टिकून राहिला. अर्थात हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. सत्तरीनंतरही भरपूर हालचाल करू शकणारी माणसे मुळातच अधिक धडधाकट असण्याची शक्यता येथे ध्यानात घ्यावी लागते.

मुले व किशोरवयीन यांच्याबाबत पुरावा अप्रत्यक्ष आहे, कारण त्यांना मुद्दाम दीर्घकाळ जागवून ठेवणे योग्य नाही. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते आणि निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. म्हणून या वयात झोपेचा वेळ कापून व्यायाम करायला लावणे उलट नुकसानीचे ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस आणि प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. झोपण्याच्या अगदी तोंडावर केलेला जोरकस व्यायाम शरीराचे तापमान व हृदयगती वाढवून झोप लागण्यास उशीर करू शकतो. त्यामुळे तो निजण्याच्या किमान तासभर आधी संपवणे इष्ट असते.