रामटेकचं गडमंदिर भोसल्यांनी बांधलं?

रामटेकच्या बसस्टँडवर उतरलात की ऑटोवाला गडाकडे बोट दाखवून सांगतो, "हे मंदिर भोसल्यायनं बांधलं." आमच्या घरीही हेच ऐकत आलो. पण ते अर्धंच खरं. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात गडाचा जीर्णोद्धार केला, देवस्थान नव्याने उभं केलं. देव मात्र त्यांच्या कितीतरी आधीचा.

पुरावा आपल्याच विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातल्या राणी प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. तो दिला गेला 'रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून', म्हणजे रामगिरीच्या देवाच्या पायांपाशी. ही राणी गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे गडाच्या जवळचं आजचं नगरधन. कालिदासाच्या 'मेघदूता'तला शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहतो, त्याच्या उतारांवरही रघुपतीच्या पाउलखुणा आहेत. (शाप यक्षाला होता बरं, कालिदासाला नाही, तीही गल्लत इथे रोज होते.) तो रामगिरी म्हणजे रामटेकच, हे मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी जोरकसपणे मांडलं. काही अभ्यासक मात्र छत्तीसगडच्या रामगढकडे बोट दाखवतात.

गडावरची वराहाची आणि नरसिंहाची देवळंही वाकाटककाळातलीच. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे, तोही भोसल्यांच्या चारेकशे वर्षं आधीचा.

राक्षसांच्या नाशाची 'टेक', म्हणजे प्रतिज्ञा, रामाने इथे घेतली, ही कथा श्रद्धेची. तिला ताम्रपट मागायचं कारण नाही.