किलाउएआला जायचं तर आधी जमिनीचा कल बघा

हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावरचं ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान बघायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाव्हा दिसेल का? तिकिटं काही महिने आधी काढायची, रजा त्याहून आधी मंजूर करून घ्यायची आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो किलाउएआ ज्वालामुखी मात्र कुणाला तारीख देत नाही. पण त्याची चाहूल लागते. ती ओळखायला शिकून निघालात, तर निम्मी सहल तिथेच साधली असं समजा.

किलाउएआच्या माथ्यावर कढईसारखा एक प्रचंड खळगा आहे. त्याला कॅल्डेरा म्हणतात. त्याच्या आत हालेमाउमाउ नावाचं विवर आहे. २३ डिसेंबर २०२४ रोजी इथे नवा उद्रेक सुरू झाला. तो सलग चालला नाही, टप्प्याटप्प्याने चालला. काही तास लाव्हाचं कारंजं उडतं, कधी कधी ३०० मीटरहूनही उंच जातं आणि मग कुणीतरी नळ बंद करावा तसं अचानक थांबतं. त्यानंतर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे नुसता वायूंचा लोट दिसतो आणि रात्री मुखाशी लालसर उजेड. मग पुन्हा कारंजं. २०२५ साल संपेपर्यंत असे जवळजवळ चाळीस टप्पे होऊन गेले होते.

मधल्या त्या शांत दिवसांतच खरं काम चालू असतं. खोलातून वर येणारा शिलारस माथ्याखालच्या साठ्यात भरत राहतो आणि वरची जमीन हळूहळू फुगते. फुगवटा डोळ्यांना दिसण्याजोगा नसतो, पण फुगणाऱ्या जमिनीचा उतार बदलतो आणि तो बदल कलमापक टिपतो. कॅल्डेराच्या काठावर, उएकाहुना कड्याजवळ असं एक यंत्र आहे. त्याचं एकक मायक्रोरेडियन. एक किलोमीटर लांबीची ताठ दांडी जमिनीवर ठेवली आणि तिच्या एका टोकाखाली एक मिलिमीटर जाडीची चकती सरकवली, तर दांडीला जो कल येईल तो एक मायक्रोरेडियन! दोन कारंज्यांच्या मधल्या काळात हा कल साधारण दहा ते तीस मायक्रोरेडियनने वाढतो. कारंजं सुरू झालं की साठा रिकामा होऊ लागतो, जमीन बसते आणि आठवडाभर चढलेली रेषा काही तासांत खाली कोसळते.

म्हणून हा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो: हळूहळू चढ, मग एकदम कडा. हवाई ज्वालामुखी वेधशाळा तो रोज सगळ्यांसाठी खुला ठेवते आणि सोबत त्या दिवसाची माहितीही देते. मागच्या वेळी रेषा जिथून कोसळली होती, त्या उंचीच्या जवळ ती पुन्हा आली की समजावं, वेळ भरत आली. त्यात मुखातून लाव्हाचे छोटे ओघळ बाहेर पडायला लागले, लाव्हाची पातळी दम लागल्यासारखी वर-खाली व्हायला लागली, की वेधशाळेचे शास्त्रज्ञ पुढच्या काही दिवसांचा अंदाज जाहीर करतात. अंदाज चुकतोही. तरी एका धुमसत्या डोंगराने आपल्या पोटातली हालचाल अशी रेघेरेघेने उघड करावी आणि ती कुणालाही घरबसल्या वाचता यावी, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

या वेधशाळेचा जन्मही सांगण्यासारखा आहे. १९०२ साली कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पेले नावाच्या ज्वालामुखीने सँ पिएर शहर काही मिनिटांत जाळून टाकलं. सुमारे २८ हजार माणसं गेली. तो विध्वंस प्रत्यक्ष पाहून आलेले अमेरिकी भूशास्त्रज्ञ थॉमस जॅगर यांना एक गोष्ट पटली: उद्रेक झाल्यावर धावून जाऊन भागत नाही, ज्वालामुखीच्या शेजारी मुक्काम ठोकून त्याचा रोजचा श्वास मोजायला हवा. १९१२ साली किलाउएआच्या काठावर त्यांनी काम सुरू केलं. उद्यानाची स्थापना त्यानंतर चार वर्षांनी, १ ऑगस्ट १९१६ रोजी झाली.

आता आखणीचं बघू. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दिवसाची धावती भेट. बेटाच्या पश्चिमेला, कैलुआ-कोनाजवळ उतरून दिवसभरात जाऊन येणारे पुष्कळ असतात. तिथून उद्यान सुमारे १५५ किलोमीटर आहे, दोन तासांहून जास्त लागतात. पूर्वेचं हिलो मात्र पन्नासेक किलोमीटरवर, पाऊण तासाच्या अंतरावर. बेटावर आठवडा असेल तर त्यातल्या निदान तीन-चार रात्री हिलोकडे किंवा उद्यानाच्या दाराशी असलेल्या व्होल्कॅनो गावात ठेवा आणि कोणत्या दिवशी काय बघायचं हे मोकळं सोडा. उद्यान चोवीस तास उघडं असतं. एका खासगी गाडीचं प्रवेशशुल्क ३० डॉलर, ते सात दिवस चालतं. रोख रक्कम घेत नाहीत, कार्ड लागतं. कारंजं रात्री दोनला सुरू झालं तर रात्री दोनला निघा. सकाळपर्यंत ते संपलेलं असू शकतं, आणि दिवसा वाहनतळावर जागा मिळायची पंचाईत होते ती वेगळीच.

कारंजं उडतं ते वायूमुळे. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. तो वर येतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे सुटतात आणि सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा सुमारे ११५० अंश सेल्सिअसचा रस आकाशात फेकला जातो. त्याचे थेंब हवेतच गोठून काच होतात. काही स्पंजासारखे हलके खडे होतात, तर काही ओढले जाऊन सोनेरी, केसाइतके बारीक धागे बनतात. पेले या ज्वालामुखीच्या हवाईयन देवतेवरून त्यांना पेलेचे केस म्हणतात. वाऱ्यावर ते कित्येक किलोमीटर जातात, गवतात, कुंपणात अडकून चमकत राहतात. फार सुंदर दिसतात, पण हात लावू नका. ती काच आहे, बोटात रुतते, डोळ्यांत गेली तर इजा करते. गाडीच्या काचेवर पडले तर वायपर न फिरवता आधी भरपूर पाणी ओता.

म्हणूनच आलेखाइतकाच वारा बघायला हवा. एरवी इथे ईशान्येचे व्यापारी वारे वाहतात आणि वायू, राख सगळं नैऋत्येच्या काऊ वाळवंटाकडे नेतात. ते मंदावले किंवा उलटे फिरले की हेच सगळं प्रेक्षकांच्या कठड्यांवर आणि वस्तीवर येतं. सल्फर डायऑक्साइडची ऊन, हवा आणि ओलावा यांच्याशी प्रक्रिया होऊन जे धुरकट धुकं तयार होतं, त्याला तिथे व्हॉग म्हणतात. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलं बरोबर असलेल्यांनी हवेची नोंद बघूनच पुढे जावं. एन-९५ मास्क बारीक कण अडवतो, सल्फर डायऑक्साइड वायू अडवत नाही, हे ध्यानात असू द्या. घशात खवखव किंवा छातीत जड वाटायला लागलं, तर कारंजं कितीही देखणं असो, गाडीत बसा, काचा लावा आणि तिथून निघा.

लाव्हापेक्षा जास्त धोका मात्र काठाचा आहे. २०१८ च्या मे महिन्यात माथ्याखालचा शिलारस पूर्वेकडच्या भेगांतून निघून गेला. बेटाच्या त्या टोकाला २४ भेगा फुटल्या, सातशेहून अधिक घरं आणि इमारती गेल्या. माथ्याचा आधार गेल्यावर कॅल्डेराचा तळ तीन महिने धक्क्याधक्क्याने खचत राहिला आणि हालेमाउमाउ ५०० मीटरहून जास्त खोल झालं. उद्यान चार महिन्यांहून अधिक काळ बंद होतं. पुढे त्या खड्ड्यात भूजल साचून तळं झालं आणि २० डिसेंबर २०२० च्या रात्री नव्या लाव्हाने ते उकळून संपवलं. सांगायचं कारण असं की या घडामोडींत कडे भेगाळलेत, काही वाटा कायमच्या गेल्यात. जुन्या पुस्तकातला नकाशा घेऊन जाऊ नका आणि अंधारात चांगल्या फोटोसाठी कठडा ओलांडू नका. डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकाजवळ हवा. माथा सुमारे १२०० मीटरवर आहे, किनाऱ्यावर घामाघूम करणारा दिवस तिथे पावसाळी आणि थंड असू शकतो. तेव्हा रेनकोट आणि स्वेटर बरोबर हवाच.

आलेखावरही आंधळा विश्वास नको. १९८३ मध्ये किलाउएआच्याच पूर्वेकडच्या पुउ ओओ या मुखातूनही अशीच कारंजी सुरू झाली होती. तीन वर्षांत चाळीसहून अधिक टप्पे झाले आणि १९८६ मध्ये एकाएकी तऱ्हा बदलली. लाव्हा दुसरीकडून फुटून शांतपणे वाहू लागला. तो उद्रेक २०१८ पर्यंत, म्हणजे एकूण ३५ वर्षं चालला. आजची तऱ्हाही कधीतरी मोडणार. म्हणून कारंज्याशिवाय काय बघायचं याची तयारी असावी, आणि तिथे किलाउएआ खरोखर हात आखडता घेत नाही.

क्रेटर्सच्या रांगेतून जाणारा रस्ता तीसेक किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त उतरून समुद्राशी पोचतो. वाटेत पेट्रोल किंवा खाणं मिळत नाही. त्याच रस्त्यावर पुउ लोआ इथे लाव्हाच्या पाठीवर कोरलेली २३ हजारांहून अधिक चिन्हं आहेत. अनेक नुसते वाटीएवढे खळगे आहेत. बाळाला दीर्घायुष्य लाभावं म्हणून त्याची नाळ तिथे ठेवण्याची हवाईयन लोकांची रीत होती. लाकडी वाट सोडून तिथे पाऊल टाकू नये आणि उद्यानातला एकही दगड उचलू नये. कायद्याने मनाई आहेच, आणि हा सगळा परिसर हवाईयन माणसाला पेलेचं घर वाटतो.

पण एकच वाट चालायची असेल तर किलाउएआ इकी या शेजारच्या विवरातली चाला. साधारण साडेपाच किलोमीटरचा फेरा आहे. सुरुवातीला बूट घासायचे ब्रश असतात, ते जरूर वापरा. ओहिआ नावाच्या स्थानिक झाडाला मारणारी बुरशी मातीबरोबर पसरते. सुमारे १२० मीटर उतरून जंगलातून बाहेर पडलात की समोर काळं, सपाट, दूरवर भेगाळलेलं मैदान. १९५९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ३६ दिवस इथे उद्रेक चालला. तोही सतरा टप्प्यांचा, आजच्यासारखाच उसळून थांबणारा. एक कारंजं ५८० मीटर उंच गेलं होतं. शेवटी शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं उरलं. वरची साय लवकर धरली, पण आत ते थंड व्हायला इतका वेळ लागला की शास्त्रज्ञ तीन दशकं त्यात भोकं पाडून वितळलेल्या खडकाची पातळी मोजत होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते पूर्ण घट्ट झालं.

घट्ट झालं, तरी निवलेलं नाही. पाऊस पडून गेल्यावर जा. पाणी भेगांतून झिरपून खालच्या गरम खडकाला लागतं आणि मैदानभर जागोजागी पांढऱ्या वाफेच्या रेघा उठतात. त्या भेगांच्या कडेला, जिथे ऊब आणि ओल दोन्ही मिळते, नेचाची बोटभर रोपं दिसतात. थोडं पुढे एखादं ओहिआ, गुडघ्याएवढं, लाल झुपकेदार फुलाचं. वाफेपासून जरा दूर तळहात धरा. साठहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कारंज्याची धग अजून हाताला लागते.