गरुड नसलेला ज्युपिटर

डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६५९ सालचे एक एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेले चित्र, जेमतेम १४ बाय २० सेंटिमीटरचे. तरुणी गाढ झोपली आहे, ओठ किंचित विलग. एक सेटर, म्हणजे रानात राहणारा अर्धा माणूस अर्धा पशू, वाकून तिच्या अंगावरचे वस्त्र उचलतो आहे. रेम्ब्रांटच्या छापचित्रांच्या यादीत चित्राचे नाव ‘ज्युपिटर आणि अँटिओपी’: रोमन देवांचा राजा आणि त्याला भुलवणारी राजकन्या. पण हा ज्युपिटर कशावरून? आपण मूर्ती ओळखतो ती आयुधांवरून, वाहनावरून. ज्युपिटरचे वाहन गरुड, आयुध वज्र. इथे दोन्ही नाहीत.

गोची मूळ कथेतच आहे. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या सहाव्या सर्गात अ‍ॅराक्नी ही विणकर तरुणी देवांची कपटे मागावर विणते. त्यात सेटरचे रूप घेऊन अँटिओपीला गाठणारा ज्युपिटर अवघ्या दोन ओळींत येऊन जातो. देवाने सोंगच असे घेतले, की चित्रात तो साध्या सेटरहून वेगळा दिसणार कसा? म्हणूनच चित्रकार व्हॅन डाइकने याच प्रसंगात गरुड रंगवला.

त्यातच, झोपलेली प्रेमदेवता व्हीनस आणि तिला न्याहाळणारा सेटर हा विषयही सोळाव्या शतकात रुळलेला होता. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातले इटालियन चित्रकार कोरेज्जोचे चित्र दीर्घकाळ ‘अँटिओपी’ म्हणून ओळखले गेले. शेजारी व्हीनसचा मुलगा क्युपिड झोपलेला असल्याने आता त्या स्त्रीला व्हीनस मानतात. इटालियन चित्रकार आनिबाले काराच्चीच्या १५९२च्या एचिंगला तर दोन्ही नावे चिकटली आहेत. रेम्ब्रांटची मांडणी याच एचिंगवरून सुचलेली. १६५६मध्ये त्याचे दिवाळे निघाले तेव्हा झालेल्या मालमत्तेच्या यादीत काराच्ची बंधूंच्या छापचित्रांची नोंद सापडते.

देवदेवतांच्या खुणा सांगणारी पुस्तके तेव्हा चित्रकारांच्या हाताशी होती: इटलीतल्या कार्तारीचे १५५६चे, रिपाचे १५९३चे. हॉलंडमध्ये चित्रकार-लेखक कारेल व्हान मांडरने १६०४मध्ये ओव्हिडच्या कथांचा अर्थही उलगडून दिला. तरीही रेम्ब्रांटने पत्र्यावर विषयाचे नाव कोरले नाही. अशा चित्रांची नावे पक्की केली ती बहुतेक पुढच्या यादीकारांनी: रेम्ब्रांटच्या छापचित्रांची पॅरिसच्या जेर्सँची यादी १७५१ची, व्हिएन्नाच्या बार्चची १७९७ची. बार्चच्या यादीत या एचिंगचा क्रमांक २०३.

मला अँटिओपीच पटते, कारण इथे क्युपिड नाही. मात्र रेम्ब्रांटचा जीव कथेपेक्षा त्या झोपेत गुंतलेला दिसतो. उजेड सगळा तिच्या अंगावर, देव सावलीत.